जाळे मोजले; धरणाचे काय?

नदीतील मासे कमी होऊ लागले की पहिले बोट दाखविले जाते ते मासेमाराच्या जाळ्याकडे. हे काही अंशी स्वाभाविक आहे. जाळे डोळ्यांना दिसते, त्यात तडफडणारा मासा मोजता येतो आणि जाळे टाकणारा माणूस बहुधा दुबळा असल्यामुळे त्याला मज्जाव करणेही सोपे असते. याउलट टर्बाइनच्या पात्यांत सापडून मेलेले पिलू, तोडलेल्या अरण्यातील गाळ वाहून येऊन ओढ्याच्या तळाशी गुदमरलेले अंडे, किंवा रस्त्याखालच्या मोरीपाशी अडून परत फिरलेली मादी यांची नोंद जाळ्यातील माशासारखी सहजी होत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन व ओरेगन या राज्यांत सॅल्मन माशांवरून पावणेदोनशे वर्षांच्या घरात जो वाद चालू आहे, त्याचे मर्म या एका विसंगतीत सामावलेले आहे. हा वाद जितका निसर्गरक्षणाचा आहे तितकाच न्यायाचा आहे. आणि या दोहोंची सांगड घालताना शासनाच्या 'पर्यावरणीय परिणाम अहवाला'ची कसोटी कशी लागते, हे पाहण्यासारखे आहे.

सॅल्मन हा मासा गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, बालपणीच समुद्राकडे जातो, तेथे काही वर्षे वाढतो आणि अखेरीस शेकडो मैलांचा प्रवास उलट दिशेने करून बहुधा आपल्या जन्माच्याच ओढ्यात परततो. तेथे अंडी घालून पॅसिफिक सॅल्मनच्या बहुतेक जाती प्राण सोडतात. त्यांच्या कलेवरांवर अस्वले व गरुड पोसतात आणि काठावरच्या वृक्षांनाही खत मिळते. समुद्राचे धन डोंगरावर नेऊन पोहोचविणारा हा वाटसरू आहे. हजारो वर्षे या नद्यांच्या काठी राहिलेल्या जमातींचे अन्न, व्यापार, उत्सव आणि धर्म या माशाभोवती गुंफलेले होते. हंगामातील पहिल्या सॅल्मनचे विधिपूर्वक स्वागत केल्याखेरीज मासेमारीस प्रारंभ करावयाचा नाही, असा त्यांचा दंडक होता व तो अद्यापही पाळला जातो.

तहातील शब्द

1854 व 1855 या वर्षांत वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने तेथील जमातींशी एकामागून एक तह केले. डिसेंबर 1854 मधील मेडिसिन क्रीकचा तह हा त्यांतील पहिला. वाटाघाटी ज्या भाषेत झाल्या ती चिनूक जार्गन ही काही शे शब्दांची व्यापारी बोली होती. जमिनीची मालकी, राखीव प्रदेश, सार्वभौमत्व यांसारख्या कल्पना त्या बोलीत कितपत पोहोचल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. या तहांन्वये जमातींनी लक्षावधी एकर भूमी सोडून दिली. परंतु एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. आपल्या नेहमीच्या व सवयीच्या सर्व ठिकाणी, प्रदेशातील नागरिकांसमवेत सामाईकपणे मासे धरण्याचा हक्क त्यांनी तहात लिहून घेतला.

हा हक्क म्हणजे गोऱ्यांनी केलेली मेहेरबानी होती काय? 1905 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यूनायटेड स्टेट्स विरुद्ध विनान्स या खटल्यात या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर दिले. तह म्हणजे जमातींना दिलेले हक्कदान नव्हे. जमातींनीच आपल्याजवळच्या हक्कांपैकी काही दिले आणि उरलेले स्वतःकडे ठेवले, असा तो निर्णय होता. मासेमारीचा हक्क ठेवलेल्या हक्कांपैकी होता. कोलंबिया नदीकाठी जमीन विकत घेऊन, कुंपण घालून, यांत्रिक चक्रांच्या साह्याने मासे उपसणाऱ्या धन्याला याकामा जमातीची वाट अडविण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने ठरविले. 'दिलेला हक्क' आणि 'राखलेला हक्क' यांमधील हा भेद बारीक वाटला तरी पुढच्या सर्व इतिहासाचा पाया तोच आहे. दिलेले परत घेता येते. जे मुळात आपण दिलेलेच नाही, ते परत कसे मागणार?

जाळ्यांची लढाई

तथापि, न्यायालयाचा निर्णय आणि नदीकाठचा व्यवहार यांत मोठे अंतर होते. कोलंबियाच्या काठी सॅल्मन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना 1866 साली निघाला आणि पाहता पाहता हा मासा जागतिक बाजारातील माल बनला. मासे घटू लागले तेव्हा राज्यशासनाने 'संवर्धना'च्या नावाखाली निर्बंध आणले. पण समुद्रात मोठ्या नौकांनी केलेली मासेमारी चालू राहिली आणि नदीच्या मुखापाशी अथवा वरच्या अंगास वाट पाहत बसलेल्या आदिवासींची जाळी मात्र जप्त होऊ लागली. मासा शेवटी ज्याच्या दारात येतो, त्याच्याच वाट्याला बंदी यावी, अशी ही व्यवस्था होती.

निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना 1945 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मासेमारीच्या आरोपावरून प्रथम अटक झाली. पुढील आयुष्यात त्यांना 50 हून अधिक वेळा अटक झाली. 1960 नंतरच्या दशकात या जमातींनी उघडपणे, दिवसाढवळ्या, कायदेभंग करून नदीत जाळी टाकण्यास सुरुवात केली. आपल्याकडे ज्याला सत्याग्रह म्हणतात त्याच जातीचा हा लढा होता. मार्च 1964 मध्ये प्रसिद्ध नट मार्लन ब्रँडो यांनी प्युयलप नदीवर जमातींच्या बाजूने मासे धरून अटक ओढवून घेतली. सप्टेंबर 1970 मध्ये त्याच नदीकाठच्या छावणीवर पोलिसांनी अश्रुधूर सोडून छापा घातला आणि सुमारे 60 जणांना पकडले. त्याच सुमारास संघराज्य शासनाने जमातींच्या वतीने वॉशिंग्टन राज्याविरुद्ध दावा दाखल केला.

12 फेब्रुवारी 1974 रोजी न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी या दाव्याचा निकाल दिला. बोल्ट हे आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दीत नेमले गेलेले, कडक शिस्तीचे व जुन्या वळणाचे न्यायाधीश. त्यांच्याकडून जमातींना फारशी अपेक्षा नसावी. परंतु त्यांनी तहातील शब्द जसेच्या तसे मनावर घेतले. 'समवेत, सामाईकपणे' याचा अर्थ समान वाटणी. म्हणून अंडी घालण्यासाठी आवश्यक ते मासे सोडून जे धरण्याजोगे उरतात, त्यांच्या 50 टक्क्यांपर्यंत तहबद्ध जमातींचा हक्क आहे, असे त्यांनी ठरविले. इतकेच नव्हे, तर माशांचे व्यवस्थापन राज्य व जमाती यांनी मिळून करावयाचे, हेही त्यातून निष्पन्न झाले. त्या वेळी जमातींच्या वाट्यास एकूण पकडीपैकी 5 टक्क्यांच्या आसपास मासे येत होते, हे लक्षात घेतले म्हणजे निर्णयाचा आवाका कळतो.

त्यानंतर उसळलेला क्षोभ मोठा होता. बोल्ट यांच्या प्रतिमांना फाशी देण्यात आली. राज्याच्या अधिकाऱ्यांनी हुकूम पाळण्यास नकार दिला. वंशभेदी शाळांविषयीचे काही खटले वगळता संघराज्याच्या न्यायालयाच्या हुकमाला या शतकात इतका संघटित विरोध झालेला नाही, असे वरिष्ठ न्यायालयाला नमूद करावे लागले. अखेर जुलै 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाचा गाभा कायम केला. मात्र 50 टक्के ही कमाल मर्यादा असून जमातींना माफक चरितार्थ चालविता यावा इतका वाटा मिळणे हा हेतू आहे, असेही त्याने स्पष्ट केले.

अर्धा वाटा, पण कशाचा?

हक्क मिळाला, परंतु तोवर मासे आटत चालले होते. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात पूर्वी दरवर्षी 1 कोटी ते 1 कोटी 60 लक्ष सॅल्मन परतत असावेत, असा अंदाज आहे. अलीकडच्या काळात हा आकडा लाखांत मोजला जातो आणि त्यातही बहुसंख्य मासे मत्स्यबीज केंद्रांत जन्मलेले असतात. 1938 साली बॉनव्हिल धरण आले. 1942 साली पुरे झालेल्या ग्रँड कूली धरणात माशांना वर जाण्यासाठी वाटच ठेवलेली नव्हती. 10 मार्च 1957 रोजी डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि हजारो वर्षांचे मासेमारीचे व व्यापाराचे ठिकाण असलेला सेलिलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. स्नेक नदीवर 1975 पर्यंत आणखी चार धरणे उभी राहिली. 1992 साली आयडाहोमधील रेडफिश सरोवरात, समुद्रापासून सुमारे 900 मैलांचा चढ चढून, सॉकाय जातीचा एकच मासा परतला. शून्याचा अर्धा वाटा शून्यच असतो, हे सांगण्यास गणिती नको.

1999 साली प्युजेट साउंड परिसरातील चिनूक सॅल्मनची नोंद संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली झाली आणि पेच अधिकच कठीण झाला. आता एकीकडे 1855 चा तह, तर दुसरीकडे 1973 चा संकटग्रस्त प्राण्यांचा कायदा. या दोहोंमध्ये 1 जानेवारी 1970 रोजी स्वाक्षरी झालेला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा येऊन उभा राहिला. हा तिसरा कायदा कशालाही मनाई करीत नाही. मोठा निर्णय घेण्यापूर्वी शासनाने त्याचे परिणाम तपासावेत, पर्याय मांडावेत, लोकांचे म्हणणे ऐकावे आणि ते सर्व लिहून काढावे, एवढीच त्याची मागणी. शासनाला विचार करावयास लावणारा कायदा, असे त्याचे वर्णन करता येईल.

या कायद्यानुसार प्युजेट साउंडमधील चिनूकच्या मासेमारीचा राज्य व जमाती यांनी मिळून केलेला आराखडा संघराज्याच्या मत्स्यसेवेने तपासला आणि 2004 साली त्याचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ठेवलेल्या पर्यायांचा विचार उद्‌बोधक आहे. एक मार्ग असा, की प्रत्येक नदीच्या माशांपैकी किती टक्के मासेमारीत मरू द्यावयाचे याची कमाल मर्यादा बांधावी. दुसरा असा, की ठरावीक संख्येने मासे अंडी घालण्याच्या जागी पोहोचलेच पाहिजेत असे ठरवून मग उरलेल्यांचा विचार करावा. आणि एक पर्याय 'काहीच न करण्याचा'; म्हणजे शासनाने संमती द्यावयाची नाही व परिणामी या माशांना धक्का पोहोचविणारी मासेमारी बंद ठेवावयाची.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. मासेमारीच्या अहवालात 'काहीच न करणे' याचा अर्थ जाळी बंद होणे असा होतो. परंतु कोलंबिया व स्नेक नद्यांवरील धरणांविषयीचा जो अहवाल 2020 साली निघाला, त्यात 'काहीच न करणे' याचा अर्थ धरणे आहेत तशीच चालू राहणे असा होता. त्या अहवालाने स्नेक नदीवरील चार धरणे फोडण्याचा पर्याय तपासला, पण स्वीकारला नाही. शब्द एकच, परंतु एका ठिकाणी तो आदिवासीचे जाळे गुंडाळतो आणि दुसऱ्या ठिकाणी काँक्रीटच्या भिंतीला अभय देतो. जे बांधून झाले आहे ते निसर्गाच्या पार्श्वभूमीचाच भाग मानावयाचे आणि जे दरवर्षी नव्याने करावे लागते त्याचाच तेवढा जाब विचारावयाचा, अशी ही विचारपद्धती आहे. यात कोणाचा कपटी हेतू असेलच असे नाही. मासेमारीला दरवर्षी परवानगी लागते आणि धरणाला ती लागत नाही, एवढे कारण पुरे आहे. मात्र हेतू शुद्ध असला म्हणून परिणाम न्याय्य ठरत नाही.

दुसरी बाजू

निसर्गवाद्यांचा आक्षेप अर्थातच पोकळ नाही. पाण्यात भिंतीसारखे उभे सोडलेले जाळे नैसर्गिक मासा कोणता आणि बीजकेंद्रातला कोणता हे ओळखत नाही. ज्या ओढ्यात मोजके मासे परततात, तेथे प्रत्येक माशाचे मोल वेगळे असते आणि तो तहाच्या जाळ्यात मेला काय किंवा हौशी माणसाच्या गळाला लागला काय, नदीच्या दृष्टीने फरक पडत नाही. बीजकेंद्रांतील माशांमुळे नैसर्गिक वंशाची प्रत घसरते, ही भीतीही शास्त्रज्ञ व्यक्त करतात. शिवाय प्युजेट साउंडमधील चिनूक हेच ज्यांचे मुख्य अन्न आहे, ते दक्षिणेकडील ओर्का देवमासे आता सत्तर-पंचाहत्तरच्या घरात उरले आहेत. माशांवर माणसाखेरीज इतरांचाही हक्क आहे, हे विसरून चालणार नाही.

मासा सीमा ओळखत नाही, हीसुद्धा एक अडचण. वॉशिंग्टनच्या नदीत जन्मलेला चिनूक कॅनडाच्या व अलास्काच्या समुद्रात पकडला जातो. त्यासाठी 1985 साली अमेरिका व कॅनडा यांच्यात पॅसिफिक सॅल्मन करार झाला. मे 2023 मध्ये सिएटलच्या न्यायालयाने, पर्यावरणीय तपासणीत उणिवा राहिल्याच्या कारणास्तव, आग्नेय अलास्कातील चिनूकची एक व्यापारी मासेमारी बंद पडेल असा हुकूम दिला; पुढच्याच महिन्यात वरिष्ठ न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. अहवाल हे केवळ कागद नसतात, हजारोंच्या चुलीपर्यंत त्यांची आच पोहोचते, हे यावरून दिसून येईल.

हे सर्व मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतोच. जमातींनी संवर्धनाला नकार दिलेला नाही. हंगामापूर्वी राज्याच्या तज्ज्ञांबरोबर त्यांचे जीवशास्त्रज्ञ बसतात, किती मासे येतील याचा अंदाज बांधतात आणि मासे कमी असतील तेव्हा जमाती आपली जाळी काठावर ठेवतात. परंतु जाळी कितीही आवरली तरी मासे परतत नाहीत, असा अनुभव आल्यावर दोष अन्यत्र शोधणे भाग पडते. 2011 साली पश्चिम वॉशिंग्टनमधील जमातींनी एक निवेदन काढून स्पष्टच सांगितले, की माशांचा अधिवास जितक्या वेगाने सुधारला जात आहे त्याहून अधिक वेगाने तो नष्ट होत आहे. 2020 साली शास्त्रज्ञांना असे आढळले, की शहरांतील ओढ्यांत कोहो जातीचे सॅल्मन अंडी घालण्यापूर्वीच मरतात, याचे कारण मोटारींच्या टायरांतून झिजून येणारे एक रसायन होय. मासेमाराच्या जाळ्याची वीण तपासणाऱ्या अहवालात मोटारीच्या टायरला जागा कोठून मिळणार?

मोरी आणि तह

या दिशेने एक मोठे पाऊल मात्र पडले आहे. राज्याने बांधलेल्या रस्त्यांखालच्या शेकडो मोऱ्या माशांची वाट अडवितात, अशी तक्रार घेऊन जमाती न्यायालयात गेल्या. मासे धरण्याचा हक्क मान्य करावयाचा आणि मासेच येणार नाहीत अशी तजवीज करावयाची, हे तहाशी सुसंगत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2013 साली खालच्या न्यायालयाने या मोऱ्या दुरुस्त करण्याचा हुकूम दिला. जून 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी समसमान विभागणी झाल्याने तो कायम राहिला. या कामाचा खर्च अब्जावधी डॉलरांचा आहे. त्याचा लाभ केवळ आदिवासींना होणार नाही. ओढा सर्वांसाठीच मोकळा होईल. ज्या हक्काला 1974 साली 'विशेष सवलत' म्हणून हिणविले गेले, तोच आज नदीचा सर्वांत भक्कम वकील ठरला आहे. एल्व्हा नदीवरील दोन धरणे 2011 ते 2014 या काळात आणि क्लॅमथ नदीवरील चार धरणे 2024 पर्यंत काढली गेली, त्यामागेही जमातींचा दीर्घ पाठपुरावा होता. क्लॅमथचा शेवटचा बांध दूर झाल्यावर काही आठवड्यांतच सॅल्मन वरच्या पाण्यात पोहोचले.

परंतु वारे पुन्हा उलट वाहू लागले आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये पर्यावरणीय तपासणीचे सर्व खात्यांना लागू असलेले नियम मागे घेण्याचे ठरले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की एका प्रकल्पाचा अहवाल लिहिताना दुसऱ्या स्वतंत्र प्रकल्पांच्या परिणामांचा विचार करण्याचे बंधन नाही. जून 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कोलंबिया खोऱ्याविषयी 2023 साली चार जमाती, दोन राज्ये व संघराज्य यांच्यात झालेला समझोता मोडीत काढला. नदी मात्र स्वतंत्र प्रकल्पांत विभागलेली नसते. माशाला एकाच प्रवासात धरण, मोरी, टायरचे विष आणि जाळे ही सर्व भेटतात. त्यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिला, तर एकूण बेरीज कोणाच्याच पानावर दिसणार नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा असला तरी आपल्याला अगदी परका नाही. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची कल्पना त्या अमेरिकी कायद्यातूनच जगभर पसरली आणि 1994 च्या अधिसूचनेने ती आपल्याकडे बंधनकारक झाली. 2006 च्या वनहक्क कायद्यात जलाशयांतील माशांवरील सामूहिक हक्काचाही उल्लेख आहे. अशा हक्काचे व अशा अहवालाचे मोल शेवटी एकाच कसोटीवर ठरते: तपासणी करणारा प्रथम कोणाला प्रश्न विचारतो? जो सर्वांत दुबळा, त्यालाच सर्वांत आधी त्याग करावयास सांगणारे संवर्धन फार काळ टिकत नाही, कारण त्यावर कोणाचा विश्वासच बसत नाही. बिली फ्रँक 2014 साली निवर्तले. त्याच वर्षी, त्यांच्यासारख्यांवर मासेमारीपायी झालेल्या जुन्या शिक्षा रद्द करवून घेण्याची सोय वॉशिंग्टन राज्याने कायद्याने केली; आणि पुढच्या वर्षी संघराज्याने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला. शिक्षा पुसल्या जाऊ शकतात, सन्मानही देता येतो. परंतु तहात ज्या माशाचे वचन दिले आहे, तो नदीत असल्यावाचून ते वचन पुरे होणार नाही. त्यासाठी जाळ्याइतक्याच काटेकोरपणे धरणही मोजावे लागेल.